नव्या साहेबांचा चार्ज आणि जुनी टीम: पहिले तीन महिने कसे काढावेत

टीम चांगली चालू असते, आकडे ठीक असतात आणि मॅनेजर बदलतो. महिन्याभरात तीच माणसं एकमेकांना विचारल्याशिवाय चलनावर सही करेनाशी होतात. साध्या रजेसाठी तिघांकडे चौकशी होते, दोन शिफ्टमध्ये कुरबुर सुरू होते. वरच्या ऑफिसात बोललं जातं की नवा माणूस कमी पडला. नवा माणूस घरी सांगतो की टीमच आळशी आहे. बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. टीम एक-दोन पायऱ्या खाली आलेली असते आणि ते अपेक्षितच असतं. मात्र खाली आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ती तिथेच बसून राहते.

नागपुरात माणसं नेमणं आणि नेमलेली सांभाळणं हे माझं रोजचं काम. वाडीची गोदामं, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने, मिहानमधली ऑफिसं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच दिसतं. पहिल्यांदाच कुणाच्या तरी तयार टीमचा चार्ज घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नवी टीम उभी करणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात, त्यांत इथे शिरत नाही.

टप्पे कोणते

गट एकत्र काम करू लागला की तो कोणत्या अवस्थांतून जातो, याची सर्वांत प्रचलित मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांची, १९६५ सालची. फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग हे चार शब्द ट्रेनिंगला जाऊन आलेल्या कुणालाही पाठ असतात. आधी ओळखीचा काळ: सगळे जपून बोलतात, साहेब म्हणतील ती पूर्व. मग खटके उडतात, कुणाचं चालणार आणि काम कसं वाटायचं यावरून ओढाताण होते. मग घडी बसते, न लिहिलेले नियम तयार होतात. शेवटी काम लयीत येतं आणि कुणी कुणाला सांगावं लागत नाही. १९७७ मध्ये टकमन आणि मेरी अ‍ॅन जेन्सन यांनी पाचवा टप्पा जोडला, गट मोडण्याचा.

ही मांडणी वापरा, पण पोथीसारखी नको. टकमन यांनी गटांवर आधी झालेले पन्नासएक अभ्यास वाचून त्यांतून हा क्रम काढला आणि त्यांतले बरेचसे गट मानसोपचाराचे किंवा प्रशिक्षणाचे होते. कारखान्यातली शिफ्ट त्या हिशोबात फारशी नव्हतीच. शिवाय टीम एकाच दिशेने चढत जाते असं प्रत्यक्षात घडत नाही. माणूस गेला, जागा बदलली, सिस्टिम बदलली की ती घसरते आणि पुन्हा चढते. मॅनेजर बदलणं हा त्यातला सर्वांत मोठा धक्का.

एका माणसाने एवढं काय हलतं

माणसं तीच, काम तेच. मग?

घडी बसलेल्या टीमचे बरेच करार कुठेच लिहिलेले नसतात. लोडिंगवरच्या एका पोराला दुपारी तासभर घरी जाऊ द्यायचं, त्याबदल्यात महिनाअखेरीला तो रात्री थांबतो. बिलिंगवाल्या ताईंची चूक निघाली तर ती बाजूला घेऊन सांगायची, सगळ्यांसमोर नाही. अमुक ट्रान्सपोर्टरची गाडी उशिरा आली तरी परत पाठवायची नाही, कारण पावसाळ्यात तोच एकटा येतो. या सगळ्या करारांना जामीन असतो जुना मॅनेजर. तो गेला की करार लगेच मोडत नाहीत, पण उद्याही पाळले जातील याची खात्री उरत नाही. मग जो तो हात आखडता घेतो आणि वाट बघतो.

दुसरी गंमत अशी की ओळखीच्या टप्प्यात खरे तर तुम्ही एकटेच असता. टीम एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखते. नवे मॅनेजर पहिल्या मीटिंगला उत्साहाने म्हणतात, चला, सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या. आणि दहा वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं गंभीर चेहऱ्याने एकमेकांना स्वतःचं नाव सांगत बसतात. महिन्याने नेमकं उलटं होतं. आता ओळख झाली, घडी बसली असं तुम्हाला वाटू लागतं, तेव्हा टीम खटक्यांच्या टप्प्यात शिरत असते. टीम आणि तुम्ही वेगवेगळ्या पायरीवर आहात हे पहिले तीन महिने डोक्यात ठेवलं, तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

पायरी १: रुजू होण्याआधी टीम कुठे होती ते शोधा

टीम किती खाली येणार हे बरंचसं आधीच्या मॅनेजरच्या जाण्यावर ठरतं. निवृत्त झाले असतील तर निरोप समारंभ झालेला असतो, शाल-श्रीफळ झालेलं असतं, माणसांनी जाणं स्वीकारलेलं असतं. बढती मिळून त्याच कंपनीत वर गेले असतील तर सावध राहा. लोक अजून त्यांनाच फोन करून विचारतात आणि ते मोठ्या प्रेमाने उत्तरही देतात. एका रात्रीत काढलं असेल तर टीम घाबरलेली असते आणि तुम्ही ज्यांनी काढलं त्यांचे माणूस ठरता, मग तुम्ही कितीही सज्जन असा.

जाणाऱ्या मॅनेजरशी बोलायला मिळालं तर "टीम कशी आहे?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: चांगली आहे, एक-दोन जण सोडले तर. त्यापेक्षा विचारा, मागच्या वर्षी शेवटचं भांडण कशावरून झालं आणि ते कुणी मिटवलं. मॅनेजरने मिटवलं असेल तर घडी त्यांच्याभोवती बसलेली होती आणि ती घसरणार. दोघांनी आपापसात मिटवलं असेल तर टीमचा पाया पक्का आहे. भांडण झालंच नाही असं उत्तर आलं, तर एक तर मॅनेजरला कळत नव्हतं, किंवा टीम वर्षानुवर्षं ओळखीच्याच टप्प्यात अडकलेली आहे. असं असतं बरं का. सगळे गोड बोलतात आणि काम कुणीच अंगावर घेत नाही.

हजेरी, ओव्हरटाइम आणि परत आलेल्या मालाची नोंद सहा महिन्यांची चाळून बघा. माणसांविषयी लोकांनी दिलेली मतं मात्र या वेळी फार मनावर घेऊ नका.

टीम आधीच खटक्यांत सापडलेली असेल तर तुमचं येणं तिच्या पथ्यावर पडू शकतं. जुन्या भांडणात तुम्ही कुणाच्याच बाजूचे नसता आणि दोन्ही गटांना नमतं घ्यायला निमित्त हवं असतं. ही संधी फार दिवस टिकत नाही, महिन्याभरात तुम्हालाही कुठल्या तरी गटात टाकलं जातं. सर्वांत नाजूक म्हणजे लयीत चाललेली टीम हातात येणं. तिथे तुमची गरजच काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, तुमच्याही.

पायरी २: पहिला आठवडा, कशालाही हात लावू नका

वाडीतल्या एका स्पेअर पार्टच्या गोदामात गेटजवळ पांढरा बोर्ड होता. रोज सकाळी मोठे सुपरवायझर त्यावर निळ्या पेनाने गाड्यांचे नंबर आणि कुठली गाडी कोणत्या डॉकला लागणार ते लिहीत. काही नंबरांभोवती गोल केलेला असे. नवे मॅनेजर पुण्याहून आले होते, हुशार होते, कामाला वाघ. गाड्यांची यादी कॉम्प्युटरवर दिसतच होती, म्हणून पहिल्याच सोमवारी त्यांनी बोर्ड पुसून घेतला आणि त्यावर सेफ्टीच्या सूचना लावल्या. कुणी चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी सिरोंच्याच्या (गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला) डीलरचा माल डॉकवरच राहिला. गोल केलेला नंबर म्हणजे हा माल आधी भरा, त्या बाजूची गाडी आठवड्यातून दोनदाच सुटते. सिस्टिमला गाडीचा नंबर ठाऊक होता, ती पुन्हा कधी सुटणार हे नव्हतं. मॅनेजरनी सुपरवायझरांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही पुसला, तं आमाले वाटलं आता नवीन पद्धत येऊन राहिली."

यात थोडा टोमणा होता, पण खोटं काही नव्हतं. ओळखीच्या टप्प्यात माणसं नव्या साहेबाला अडवत नाहीत. पहिल्या आठवड्यात तुमच्या सूचनेवर सगळे माना डोलावतात, तो होकार धरू नका. त्यांनी फक्त ऐकून घेतलेलं असतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात बघा आणि विचारा. प्रत्येकाशी वीस-पंचवीस मिनिटं एकट्याने बोला, शक्यतो केबिनमध्ये टेबलापलीकडे बसवून नाही. त्यांच्या कामाच्या जागी उभं राहून बोला. मे महिना असेल तर सकाळी दहाच्या आत, नंतर पत्र्याखाली उभं राहून कुणीही खरं बोलणार नाही. तीन प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा. इथलं काय बदललेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही? याआधी कुणी काही बदलायला गेलं होतं का, त्याचं काय झालं? आणि काम अडलं की कुणाला विचारता?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत लिहून ठेवा. एकच नाव पुन्हा पुन्हा येतं. टीमची घडी खरं म्हणजे त्या माणसाने धरून ठेवलेली असते आणि बरेचदा त्याचं पद अगदीच किरकोळ असतं. स्टोअरवाले काका, जुना ड्रायव्हर, बिलिंगच्या ताई. त्यांना दुखवून तुमचं पान हलणार नाही.

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं की दोन दिवसांत दुसरा ग्रुप तयार होतो, तुमच्याशिवायचा. हे सगळीकडे होतं. त्याचा शोध घेऊ नका, नाराजही होऊ नका. चारच्या चहाला टपरीवर एखाद दिवस जा, रोज जाऊ नका. रोज गेलात तर लोक दुसरी टपरी शोधतील.

पायरी ३: ज्यांना ही खुर्ची मिळायची होती, त्यांच्याशी आधी बोला

प्रत्येक टीममध्ये असा एक माणूस असतो. मधल्या काळात त्यांनीच कारभार सांभाळला, वरून "बघू या, तुमचंच होईल" असं आडून आडून सुचवलंही गेलं, आणि मग बाहेरून तुम्ही आलात. टीम पुढे सरकणार की महिनोन्महिने खटक्यांत अडकणार, हे या एका माणसावर जितकं अवलंबून असतं तितकं दुसऱ्या कशावरही नसतं. चार्ज घेणारे बहुतेक जण हे बोलणं टाळतात, कारण ते अवघड आहे. दोन्ही बाजूंनी नुसतं "सर, सर" चालू राहतं आणि आत धुमसत राहतं.

पहिल्या दोन दिवसांत त्यांना एकटं भेटा आणि विषय तुम्हीच काढा. "या जागेसाठी तुमचं नाव होतं हे मला ठाऊक आहे." एवढं वाक्य पुरे. मला वाईट वाटतं, मी तर योगायोगाने आलो, असं काही त्याला जोडू नका. समजूत घातली की माणूस आणखी दुखावतो. पुढच्या वेळी तुमचा नंबर लागेल असं वचन तर मुळीच देऊ नका, ते तुमच्या हातात नाही आणि त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मग विचारा की तुमच्याकडे चार्ज आला असता तर पहिली गोष्ट कोणती केली असती. उत्तर येईपर्यंत गप्प बसा, थोडा वेळ लागतो. त्यात करण्यासारखं काही असेल तर ते करा आणि कल्पना त्यांची आहे हे सगळ्यांसमोर सांगा. त्यांच्याकडे एखादा खरा निर्णय सोपवा: कुठल्या ट्रान्सपोर्टरला किती माल, किंवा कुणाला कोणती शिफ्ट. नुसतं "तुम्ही सीनियर आहात, लक्ष ठेवा" म्हणणं म्हणजे काहीच न देणं.

एवढं करूनही काही माणसं इतरांच्या तोंडून बोलत राहतात. मीटिंगमध्ये गप्प, बाहेर गेल्यावर सगळ्यांना समजावणारे. दोन महिने जाऊ द्या, मग समोर बसवून सरळ सांगा की माझ्याशी मतभेद असेल तर मीटिंगमध्ये बोला, मी तुमचं म्हणणं लिहून घेईन, पण बाहेर जे ठरलं तेच सांगायचं. बहुतेक जण एवढ्यावर येतात. जे येत नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या खात्यात जागा बघणं त्यांच्याही हिताचं असतं.

पायरी ४: तिसऱ्या आठवड्यात प्रश्नांची मीटिंग

ही पद्धत जुनी आहे आणि चालते. दीड-दोन तास लागतात. तुम्ही खोलीबाहेर राहता. टीमबरोबर एचआरमधलं किंवा दुसऱ्या खात्यातलं, विश्वासाचं माणूस बसतं. प्रत्येकाला दोन-तीन चिठ्ठ्या. नव्या साहेबांना काय विचारायचंय, त्यांना काय ठाऊक असायला हवं, कशाची भीती वाटते, ते लिहायचं, नाव नाही. डॉकवर अर्धं बोलणं हिंदीत चालतं, तेव्हा हिंदीत लिहिलेलंही चालेल हे आधी सांगा. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांचं बसलेल्या माणसाने लिहून घ्यावं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळे प्रश्न एकाच हाताने कागदावर उतरवून तुम्हाला अर्धा तास आधी मिळावेत. मग तुम्ही आत या आणि सगळ्यांसमोर एकेक उत्तर द्या.

प्रश्न कसे येतात? शनिवारी दोनला सुटायची सवलत राहील का. रजा व्हॉट्सॲपवर सांगितलेली चालेल की अर्जच लागेल. कंत्राटावरची पोरं कायम होतील का. तुम्हाला मुलं किती. कॅमेरे कशासाठी लावले. आणि बाहेरगावहून आलेल्यांना हटकून येणारा प्रश्न: परत कधी जाणार?

शेवटच्या प्रश्नावर सगळे हसतात, तुम्हीही हसा, पण उत्तर द्या. त्या चिठ्ठीत खरा प्रश्न असा असतो की तुमच्याशी जुळवून घ्यायची मेहनत आम्ही करावी की दीड वर्षाने परत नव्याने सुरुवात करायचीच आहे. बाकीच्या प्रश्नांना तीनच प्रकारची उत्तरं चालतात. हो. नाही. किंवा आज सांगता येत नाही, अमुक तारखेला सांगतो. त्या तारखेला काही ठरलं नसेल तरी "अजून ठरलं नाही" एवढं सांगायला जा. टीमचा विश्वास बसतो तो अशा दोन-तीन तारखा पाळल्यावर. "बघू या" हे उत्तर मात्र या खोलीत वापरू नका. नागपुरात त्याचा अर्थ नाही असाच धरतात.

पायरी ५: नव्याचे नऊ दिवस संपले की

साधारण महिना-दीड महिन्यात सूर बदलतो. "आधीचे साहेब तं असं नव्हते करत" हे वाक्य तुमच्या कानावर पडेल अशा बेताने बोललं जातं. कुणी मुद्दाम दहा मिनिटं उशिरा येतं आणि तुम्ही काय करता ते बघतं. सकाळची शिफ्ट म्हणते रात्रपाळीने माल चुकीच्या रॅकला लावला, रात्रपाळी म्हणते आम्हाला तसाच मिळाला. मीटिंगमध्ये पहिल्यांदा कुणीतरी "हे जमणार नाही" म्हणतं.

नवे मॅनेजर इथे हबकतात. त्यांना वाटतं सगळं हातातून चाललं. खरं तर टीमने जपून बोलणं सोडलं, हे पुढे सरकल्याचं चिन्ह आहे. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये हॉस्पिटलच्या वॉर्डांमधल्या औषधांच्या चुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वॉर्डांत टीम चांगली होती तिथे चुकांची नोंद जास्त निघाली. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथली माणसं चूक लपवत नव्हती, बोलून दाखवत होती. तुमच्या दुसऱ्या महिन्यात तक्रारींचा आणि नोंदवलेल्या चुकांचा आकडा वाढला तर आधी तपासा, चुका वाढल्या की सांगणं वाढलं. परत आलेला माल तेवढाच असेल आणि नोंदी वाढल्या असतील, तर ती चांगली बातमी आहे. वरच्या साहेबांना हे तुम्हीच समजावून सांगा, ते आपणहून असा विचार करणार नाहीत.

खटके दोन जातींचे असतात, त्यांची गल्लत करू नका. माल कुठे ठेवायचा, शिफ्ट बदलताना कोण मोजून देणार, ओव्हरटाइम कुणाला, हे कामाचे खटके. ते होऊ द्या, दोन्ही बाजूंना एकत्र बसवा, त्यांच्याकडूनच तोडगा काढून घ्या. एका ठिकाणी शिफ्टच्या भांडणाचा निकाल असा लागला की दोन्ही सुपरवायझरांनी पंधरा मिनिटं एकत्र रॅकमधून फिरायचं आणि एकाच रजिस्टरवर दोघांनी सही करायची. मॅनेजरने यात काहीच सुचवलं नव्हतं, त्यांनी फक्त ती पंधरा मिनिटं पगारी धरायला वरून मंजुरी आणली.

दुसरी जात म्हणजे तुम्हाला जोखणारे खटके. उशिरा येणं, न सांगता दांडी, तुमच्या सूचनेला ऐकून न ऐकल्यासारखं करणं. तिथे चर्चा करत बसू नका. त्याच दिवशी, बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगायचं आणि सगळ्यांना तोच नियम लावायचा. यात सर्वांची नजर एकाच गोष्टीवर असते: तुमच्या पुढे-पुढे करणाऱ्यालाही तुम्ही तेच सांगता का. दोन्ही जातींतलं कुठलंही भांडण व्हॉट्सॲपवर मिटवायला जाऊ नका. तिथे लिहिलेलं वर्षभर दाखवत फिरतात.

आधीच्या साहेबांविषयी एक वावगा शब्द काढू नका, ते खरोखर वाईट असले तरी. ज्यांनी त्यांच्या हाताखाली वर्षं काढली ती माणसं त्यांना नावं ठेवतील, तो त्यांचा हक्क. तुम्ही ठेवलीत तर त्यांची ती वर्षं वाया गेली असं तुम्ही म्हटल्यासारखं होतं.

पायरी ६: बदल कधी आणि किती

एका वेळी एक. पहिला बदल असा निवडा की ज्याचा त्रास टीमने स्वतःच प्रश्नांच्या मीटिंगमध्ये सांगितला होता आणि जो तुमच्या अधिकारात आहे. पाण्याचा कूलर, डॉकवरचे पंखे, गेटपासला लागणारा वेळ. किरकोळ वाटेल, पण टीमला त्यातून कळतं की इथे बोललेलं कुठेतरी पोचतं.

मोठ्या बदलाची वेळ नागपूरचं कॅलेंडर बघून ठरवा. बाहेरून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. एप्रिलअखेरपासून जून येईपर्यंत इथे पारा ४५च्या आसपास असतो, लोडिंग पहाटे आणि संध्याकाळी सरकतं, त्या दिवसांत नवी शिफ्ट पद्धत आणाल तर पहिल्याच आठवड्यात कोसळेल. पोळा इथे मोठा सण आहे, आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा आणि मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक. ज्यांची शेती आहे ते गावी जाणार, जे शहरातले आहेत ते इतवारी-महालात मारबत बघायला जाणार. रजेचे अर्ज वेगवेगळ्या कारणांचे आले तरी कारण एकच आहे हे समजून घ्या. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तुमच्या टीममधलेही अनेक जण तिथे असतात आणि शहरातली वाहतूक वळवलेली असते. त्याला लागूनच दिवाळीचा डिस्पॅच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, बंद रस्ते. मार्च एंडिंगविषयी बोलायलाच नको.

उरतात कोणते दिवस? पावसाळ्याची सुरुवात स्थिरावल्यापासून पोळ्याआधीपर्यंत, आणि अधिवेशन संपल्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. हाताखालच्या माणसांना विचारलंत तर ते आणखी दोन तारखा सांगतील ज्या इथे लिहिलेल्या नाहीत.

काम प्रोजेक्टचं असेल, म्हणजे ठरलेल्या तारखेला संपणारं, तर गणित वेगळं. अमेरिकन संशोधक कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये आठ गटांचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून जे मांडलं ते टकमनच्या क्रमाशी जुळत नव्हतं. गट पहिल्याच बैठकीत एक पद्धत धरतो, मुदतीच्या साधारण निम्म्यापर्यंत तीच ओढतो आणि तिथे एकदम कूस बदलतो. तेव्हा चालू प्रोजेक्टच्या मध्ये चार्ज घेतलात तर निम्मी मुदत कधी येते ते बघा आणि तुमच्या मनातला मोठा बदल तोवर राखून ठेवा. त्या सुमारास टीमलाच काहीतरी बदलावंसं वाटत असतं. त्याआधी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, फार उशिरा सांगितलेलं पेलत नाही.

त्याच टीममधून वर आलेल्यांसाठी

वरचं सगळं बाहेरून येणाऱ्यांना धरून लिहिलं. कालपर्यंत बरोबर तर्री पोहे खाणारा आज साहेब झाला, तर ओळखीचा टप्पा जवळपास नसतोच, टीम थेट खटक्यांत शिरते. मैत्री तोडायची गरज नाही. मात्र रजा, ओव्हरटाइम आणि पगारवाढीची शिफारस या तीन गोष्टींत मित्र आणि इतर यांना एकच माप लावा आणि ते माप आधीच सगळ्यांना सांगून टाका. दुसऱ्यांच्या पगाराची माहिती आता तुमच्याकडे असते. ती टपरीवर निघता कामा नये.

आणि तुम्ही टीममधले असाल तर

नवा साहेब आला की सगळ्यांत जास्त उपयोगाची मदत म्हणजे त्याला न लिहिलेले नियम सांगणं, चूक होण्याआधी. वाडीतला बोर्ड पुसला जात असताना "साहेब, या गोलाचा अर्थ असा आहे" एवढं एकाने म्हटलं असतं तर सिरोंच्याचा माल वेळेवर रवाना झाला असता. चमचेगिरी म्हणतील या भीतीने लोक गप्प बसतात. सगळ्यांसमोर सांगितलं की चमचेगिरीचा प्रश्न येत नाही.

पायरी ७: घडी बसली हे कसं ओळखायचं, आणि पुढे काय

तीन-चार महिन्यांनी एक दिवस न सांगता अर्धा दिवस बाहेर जा. परत आल्यावर किती निर्णय तुमच्यासाठी ठेवलेत ते मोजा. पहिल्या महिन्यात दहा असतील, आता दोन-तीन असावेत आणि ते खरोखर तुमचेच असावेत. "आधीचे साहेब" हे शब्द कमी ऐकू येतात, "आपल्याकडे असं करतात" जास्त. नवं पोरगं कामाला लागलं तर त्याला पद्धत टीम शिकवते.

सहा महिन्यांनीही हे दिसत नसेल तर टप्प्यांचा विचार बाजूला ठेवा. कधी कधी माणसं एका छताखाली असतात पण कामं एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यांची टीम होत नाही आणि व्हायची गरजही नसते. कधी माणसंच कमी असतात. कधी पगाराचा घोळ असतो, त्यावर कुठल्याही मीटिंगचं औषध चालत नाही.

घडी बसल्यावर ती तुमच्या एकट्याभोवती बसू देऊ नका, कारण तुमचीही बदली होणार आहे. एक साधी वही ठेवा. टीममध्ये बोलून ठरलेली प्रत्येक गोष्ट, कुणाला कोणती सवलत आणि कशाच्या बदल्यात, कोणत्या ट्रान्सपोर्टरशी काय ठरलंय, बोर्डावरच्या खुणांचा अर्थ, हे सगळं तारखेसह त्यात उतरवत जा. वही सुपरवायझरच्या टेबलावर राहू द्या, केबिनच्या कपाटात नको. चार्ज देताना ती नव्या मॅनेजरच्या हातात टीमसमोर द्या आणि त्यानंतर दोन महिने टीममधल्या कुणाचा फोन आला तर उत्तर एकच: तुमच्या साहेबांना विचारा.